माळावरचे नवे कूळ

दिवाळीला गावी जाऊन परतलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी यंदा एकच विषय होता. औराद, कमलनगर, भालकी किंवा आळंद, कुठलाही माणूस भेटो, दहा मिनिटांत बोलणे 'सोलारवाल्यां'वर येते. मोटारीतून दोघे-तिघे उतरतात, हातात नकाशा असतो, पारावर बसून चहा घेतात आणि विचारतात, 'हा माळ कुणाचा?' ज्या बरड माळाची वाटणी करतानाही भावांनी तोंडे वाकडी केली, त्याच माळाला आता गिऱ्हाईक आले आहे. पुण्यात, हैदराबादेत, लातुरात स्थायिक झालेल्या पाटील-देशमुख-कुलकर्ण्यांच्या मुलांना गावाकडून फोन येऊ लागले आहेत की सही करायला कधी येता.

ही केवळ पारावरची आवई नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये जो पारेषण आराखडा प्रसिद्ध केला, त्यात बीदरसाठी २,५०० मेगावॅटचा सौरऊर्जा विभाग धरलेला आहे. ती वीज बीदरहून हैदराबादजवळच्या महेश्वरमपर्यंत नेणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी याच योजनेतली. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते. म्हणजे दहा ते साडेबारा हजार एकरांचा हा प्रश्न आहे. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगडला २,०५० मेगावॅटसाठी सुमारे १३,००० एकर लागले, तो हिशेब लावला तर आकडा आणखी वर जातो.

योगायोग असा की, या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्याच जिल्ह्याच्या हाती आली होती. बीदरचे तेव्हाचे खासदार भगवंत खुबा हे २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात नवीकरणीय ऊर्जा खात्याचे राज्यमंत्री होते. भालकीचे आमदार ईश्वर खंड्रे यांच्याकडे २०२३ मध्ये कर्नाटकाचे वन व पर्यावरण खाते आले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत खंड्रे यांचे चिरंजीव सागर यांनी खुबांचा पराभव केला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रचारात जातीची गणिते किती मांडली गेली आणि दहा हजार एकर माळाचे काय होणार हे किती जणांनी विचारले, याचा ज्याने त्याने आपल्याशीच हिशेब करावा.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. कोळशावर केलेल्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन वायू हवेत जातो. त्याचे फळ आपण भोगतो आहोत. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याआधीच्या वर्षी परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हीच आपली भूमी पाण्याखाली होती. भीमेच्या पुराने कलबुर्गीच्या तुरीची काय दशा केली ते ज्यांनी बांधावर उभे राहून पाहिले, त्यांना हवामान बदल हा शब्द शाळेतल्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली तूर ती हीच. सर्वोच्च न्यायालयानेही २१ मार्च २०२४ च्या निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क असल्याचे मान्य केले. तेव्हा सूर्यापासून वीज व्हावी, आपल्या माळावर व्हावी, याला आमची ना नाही. आमचा प्रश्न एवढाच की, जी कंपनी जगाचे पर्यावरण राखायला निघाली आहे, ती आमच्या गावच्या पर्यावरणाचे उत्तरदायित्व कोणत्या कागदावर घेते?

कागदांशी आमचा रोजचा संबंध. आमची नोकरी बँकेच्या खिडकीमागची, त्यामुळे असले कागद आधी आमच्यापुढे येतात. गेल्या वर्षी औराद तालुक्यातले एक वयोवृद्ध खातेदार धोतराच्या सोग्यात गुंडाळून एक करारपत्र घेऊन आले. 'साहेब, ह्यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की. पोरगं म्हणतंय सही करा.' चाळीसेक पानांचा इंग्रजी मसुदा, मागे दोन पानी कन्नड गोषवारा. मराठीत एक ओळ नाही. आजोबा निजामाच्या राजवटीत जन्मलेले, थोडेफार उर्दू लिहितात, मराठी उत्तम वाचतात, कन्नड बोलतात पण वाचत नाहीत. आम्ही जेवणाच्या सुटीत तो करार वाचला. मुदत एकोणतीस वर्षे अकरा महिने. जमिनीवरचा भाडेहक्क कंपनी कुणाही वित्तसंस्थेकडे गहाण टाकू शकेल. तो हक्क दुसऱ्या कंपनीला देऊ शकेल, त्यासाठी मालकाची वेगळी संमती लागणार नाही. मुदत संपल्यावर जमीन 'आहे त्या स्थितीत' परत मिळेल. हे शेवटचे कलम वाचून आम्ही पेन खाली ठेवले. आहे त्या स्थितीत म्हणजे सिमेंटच्या पायांसकट, लोखंडासकट आणि मोडक्या पॅनेलांसकट. आजोबांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, 'म्हंजी मड्यासकट घर परत.' त्या कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण असाच मजकूर दुसऱ्या दोन ठिकाणच्या मसुद्यांतही पुढे पाहायला मिळाला.

या करारातली दुसरी गोष्ट वाणिज्य शाखेत शिकलेल्याच्या चटकन लक्षात येते. सही करणारी कंपनी ही जाहिरातीत दिसणारी मोठी कंपनी नव्हतीच. ती तिने या एका प्रकल्पासाठी काढलेली, एक लाख रुपये भागभांडवलाची लहानशी कंपनी होती. यात बेकायदा काही नाही, या धंद्याची रीतच ती आहे. पण तिचा परिणाम पाहा. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने जबाबदारी व शाश्वततेचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. पाणी किती वापरले, कचरा किती झाला, कर्बवायू किती, स्थानिकांच्या तक्रारी किती, असे सगळे रकाने त्यात असतात. अहवाल गुळगुळीत कागदावर निघतो, त्यावर हिरवी पाने असतात. मात्र तो देते मुंबई-दिल्लीची मूळ कंपनी, साऱ्या देशातल्या प्रकल्पांची बेरीज करून. औरादच्या विहिरीचे पाणी त्या बेरजेत कुठे विरघळले हे शोधायला कोणी बसत नाही.

सामाजिक दायित्वाच्या दोन टक्क्यांचेही तसेच. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम लागू व्हायला निव्वळ नफा पाच कोटी तरी हवा, नाहीतर नक्त मालमत्ता पाचशे कोटींची किंवा उलाढाल हजार कोटींची हवी. सुरुवातीच्या वर्षांत कर्जाचे व्याज आणि घसारा वजा जाता यातल्या कितीतरी छोट्या कंपन्या ताळेबंदात नफा दाखवतच नाहीत. गावाला शाळेची खोली मिळते ती कंपनीच्या मर्जीने. हक्काने मागायला गेले तर कलम लागू नाही असे उत्तर यायचे.

कायद्याचा धाक म्हणावा तर तोही पातळ आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत सौर व पवन प्रकल्प नाहीत. त्यामुळे जनसुनावणी नाही. साखर कारखान्याला किंवा खडी केंद्राला जी परवानगी घ्यावी लागते, ती यांना लागत नाही, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये त्यांना 'पांढऱ्या' गटात घातले. धूर नाही, सांडपाणी नाही, हे खरेच आहे. पण धुराशिवाय नुकसान होत नाही असे थोडेच आहे! भीमाशंकरजवळ एनर्कॉन कंपनीने पवनचक्क्या उभारल्या, त्या चक्क्याही धूर सोडत नव्हत्या. तेथे डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांमुळे उतार ढासळल्याचे, दगडमाती ओढ्यांत गेल्याचे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात नोंदवले आहे. चक्की निर्दोष होती, ती उभी करण्याची रीत सदोष होती.

आपल्याकडे डोंगर नाहीत. आपल्याकडे माळ आहे, आणि माळाची अडचण अशी की तो कोणाला दिसतच नाही. सरकारी दप्तरात तो 'पडीक'. पडीक कोणासाठी? बीदर-औरादच्या याच माळावर काळवीट आहेत. संध्याकाळी बसने औरादकडे जाताना कळप रस्ता ओलांडताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. देवणी गाय, जिचे नाव उदगीर-देवणी-भालकी-औरादच्या टापूबाहेर फारसे कोणी घेत नाही पण आपल्याकडे जिच्या खोंडाच्या किमतीवर सोयरिकी जमल्या, ती याच गवतावर वाढली. मेंढपाळ, शेळ्यावाले, सरपण गोळा करणाऱ्या बाया, यांचा सातबाऱ्यावर किंवा पहाणीवर कुठेच उल्लेख नसतो. कुंपण पडले की ते माळाबाहेर, आणि त्यांना भाडेही नाही. सोलापूरच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचे. आज तेथे माळढोक दिसणे दुर्मिळ झाले आहे. राजस्थान-गुजरातेत तो विजेच्या तारांना धडकून मरतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितले. पुढे २०२४ मध्ये ते शक्य नाही असे सांगितले गेल्यावर समिती नेमली. वर ज्या निकालाचा उल्लेख केला तो हाच. एकाच निकालात हवामानाचा हक्कही आला आणि पक्ष्याच्या तारांची अडचणही आली, यावरून प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळावे.

पाण्याचा हिशेब आम्ही स्वतः मांडून पाहिला. एका मेगावॅटला आजच्या मोठ्या आकाराची सुमारे १,८५० पॅनेले लागतात. २,५०० मेगावॅटची झाली ४६ लाखांवर. एक पॅनेल एकदा धुवायला दोन लिटर आणि महिन्यातून दोन धुण्या धरल्या, तर वर्षाला २२ कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे २२ हजार टँकर. कोळशाच्या वीजकेंद्रापुढे हे पाणी अगदीच थोडे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण परळीचे पाणी धरणातून येत होते आणि हे टँकर कोणाच्या तरी बोअरवर भरणार. राजस्थानात पाण्याविना, ब्रशाच्या यंत्रांनी पॅनेले पुसली जातात. खर्च थोडा जास्त येतो, इतकेच. ज्या बीदरच्या नौबादला बहामनी काळात लाल जांभ्या खडकातून सुरंग खोदून पाणी आणले गेले, त्या जिल्ह्यात पाणी मोजून वापरा असे बाहेरच्या कंपनीला सांगायला आपल्याला संकोच का वाटावा?

आता भाड्याकडे येऊ, कारण सही तेथेच होते. पावगडला कर्नाटकाच्या सौर उद्यान महामंडळाने शेतकऱ्यांकडून जमीन विकत न घेता २८ वर्षांच्या भाड्याने घेतली. जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहिली, ही चांगली गोष्ट, आणि तिचे श्रेय दिले पाहिजे. दर एकरी २१ हजार, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. दुष्काळी तालुक्यात तो आकडा तेव्हा मोठा वाटला. पण वहीत मांडून पाहा. शेवटच्या दोन वर्षांत हे भाडे ३९,६०० रुपयांच्या आसपास पोचते. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर आज २१ हजारांत येणाऱ्या वस्तूला तेव्हा ७८ हजार लागतील. म्हणजे भाडे दरवेळी वाढत जाते आणि तरीही घटत जाते. आणि आपल्या सीमेपलीकडे, पंधरा-वीस किलोमीटरवर? महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले, म्हणजे एकरी पन्नास हजारांवर, शिवाय दरवर्षी तीन टक्के वाढ. ती योजना उपकेंद्राजवळच्या जमिनीपुरती आणि शेतीपंपांच्या विजेसाठी आहे, दोन्हींची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य. तरीही औरादच्या शेतकऱ्याने बोलणी करताना उदगीरचा दर माहीत नसल्यासारखे वागू नये.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दलाल सांगत नाही. पॅनेलखालच्या जमिनीचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे, त्यावर आयकर लागतो. त्या जमिनीवर पीककर्ज मिळणार नाही. आधीचा बोजा असेल तर तो फेडल्याशिवाय करार पुढे सरकत नाही. वारसांत वाद असेल तर भाडे अडकून पडते. काउंटरवर भावाभावांचे चेहरे आम्ही पाहिले आहेत.

आपल्या जुन्या घराण्यांना 'कूळ' हा शब्द नवा नाही. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कसेल त्याची जमीन झाली, अनेकांच्या जमिनी गेल्या आणि त्या आठवणी अजून घरोघरी उगाळल्या जातात. आमचे मत विचाराल तर त्या कायद्याने गावातल्या कष्टकऱ्याला न्यायच दिला. असो. मुद्दा असा की ते कूळ गावातले होते, त्याच्याशी भांडता येत होते, त्याच्या मुंजीबारशाला जाता येत होते. हे नवे कूळ बदलतच राहणार. २०२१ मध्ये सॉफ्टबँक आणि भारती यांची एसबी एनर्जी ही कंपनी अदानी ग्रीनने सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मूल्याला घेतली. एका व्यवहारात देशभरातल्या प्रकल्पांचे मालक बदलले. त्यात गैर काही नाही, पण जुन्या कंपनीच्या अधिकाऱ्याने पारावर तोंडी दिलेली वचने नव्या मालकाच्या खतावणीत उतरत नसतात.

पंचवीस वर्षांनी ही पॅनेले उतरतील. त्यांत काच आणि ॲल्युमिनियम असते, थोडी चांदी आणि शिसेही असते. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सौर पॅनेले त्यांत आली खरी, पण २०३४-३५ पर्यंत उत्पादकाने ती साठवून ठेवायची आणि विवरण द्यायचे, एवढेच. साठवायची कुठे? ज्याच्या रानात उतरली त्याच्याच रानात, अशी भीती आम्हाला वाटते. म्हणून आमचा आग्रह आहे की, जमीन मोकळी करून पूर्ववत करण्याचा खर्च करारातच लिहिला जावा, आणि त्यासाठी पहिल्या दिवसापासून बँक हमी घेतली जावी. बँक हमी ही काही अलौकिक गोष्ट नाही. रस्त्याचा ठेकेदारही ती देतो. जी कंपनी अहवालात शंभर वर्षांपुढची भाषा करते तिला तीस वर्षांची हमी जड वाटू नये.

भाषेचाही प्रश्न आहे, आणि तो मांडणे हे तर या पत्राचे कामच. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३५०-ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहे. मान्य झालेल्या संरक्षणांनुसार ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांवर आहे, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत निघाल्या पाहिजेत. औराद तालुक्यात तरी मराठीभाषकांचे प्रमाण याहून बरेच अधिक आहे. ही जबाबदारी शासनाची आहे, खासगी कंपनीवर तिचे बंधन नाही हे आम्ही जाणतो. ३७१-जे कलमाखालचे स्थानिकांचे नोकरीतले आरक्षणही सरकारी नोकऱ्यांपुरतेच आहे, सोलारच्या कुंपणाआत ते चालत नाही. पण गायरानाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा तेथे शासन असतेच. ती सूचना कन्नडबरोबर मराठीतही लागावी, एवढे जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायला आंदोलनही लागत नाही, एक अर्ज लागतो. कन्नडभाषक शेजाऱ्यांशी यात आपला कसलाही झगडा नाही. चाळीस पानी इंग्रजी त्यांनाही कळत नाही.

आणि शेवटी थोडे आपल्याविषयी. सही करणारे बहुतेक वेळा गावात राहत नाहीत. आपल्याला भाडे खात्यात जमा झालेले दिसते, कुंपण दिसत नाही. ज्याच्या घरी तीन पिढ्या आपल्या शेतावर सालगडी म्हणून राबल्या, त्याला करारानंतर गवत कापायचे तरी काम मिळाले का, हे विचारायला आपण फोन करत नाही. पॅनेलखाली मेंढ्या चारू देता येतात, इतरत्र तसे केले जाते. त्यामुळे तणनाशक फवारावे लागत नाही आणि मेंढपाळाची वाटही बंद होत नाही. हे कलम करारात घालायला मालकाचे काही जात नाही. घालायचे कोणी, तर मालकानेच. कंपनीकडे जबाबदारीचा जाब मागताना आपल्या वाट्याची ही ओळ आपण गाळू नये, असे आम्हाला वाटते.

ज्या वाचकांकडे भाडेपट्ट्याचे मसुदे आले असतील त्यांनी सही करण्यापूर्वी त्यांची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कार्यालय उघडे असते. वकिली व्यवसायातील आपले दोन सभासद आणि आम्ही मिळून मराठीत कलमवार गोषवारा करून देऊ, त्यासाठी कसलेही शुल्क नाही. आधी सही झालेली असली तरी कागद घेऊन यावे. नोंदणी झाली नसेल तर पुरवणी करार करता येतो, आणि नोंदणी झाली असली तरी एकाच शिवारातले वीस मालक एकत्र बसले तर कंपनीला बोलणी करावी लागतात.